रोब्लॉक्सवर मुलानं बनवलेला गेम: ९०० तासांची वही आणि एक प्रश्न

हिशेबनीस · शनिवार, रात्री १०:१२

मी इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्याच्या कचेरीत हिशेब लिहिते. मुलगा सतरा वर्षांचा, बारावी सायन्सला. दहावीची परीक्षा संपल्यावर, एप्रिल २०२४ मध्ये, त्यानं रोब्लॉक्स स्टुडिओ, म्हणजे रोब्लॉक्सवरचे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, शिकायला घेतला आणि मी त्याच्या हातात दोनशे पानी वही दिली. रोज किती तास बसलास, किती रोबक्स आले आणि किती गेले, एवढं लिहायचं, अशी अट घातली. वही आता भरत आली आहे. या विषयावर मराठीत शोधलं की 'घरबसल्या लाखो कमवा' यापलीकडं काही हाती लागत नाही, म्हणून आमची वही इथं उघडते.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. रोब्लॉक्स हा एक खेळ नव्हे, खेळांचा बाजार आहे. लोकांनी बनवलेले लाखो गेम तिथं असतात आणि बहुतेक फुकट खेळता येतात. गेममध्ये गेल्यावर मात्र वस्तू, सोयी, खास अधिकार विकत मिळतात आणि त्यांची किंमत रोबक्स नावाच्या त्यांच्याच चलनात मोजावी लागते. खेळाडू खरे पैसे भरून रोबक्स घेतो, गेम बनवणारा ते कमावतो आणि पुरेसे साठले की परत खऱ्या पैशांत बदलून घेतो.

मुलाचा गेम गुऱ्हाळाचा आहे. माझं माहेर पन्हाळ्याच्या पायथ्याला, मामांचं गुऱ्हाळ होतं, त्यामुळं लहानपणापासून त्यानं ते पाहिलेलं. ऊस लावायचा, तोडायचा, घाण्यात घालायचा, रस काहिलीत उकळायचा, भेंडीचं पाणी टाकून मळी काढायची, काकवीवर थांबायचं की गुळापर्यंत न्यायचं ते ठरवायचं, ढेपा विकायच्या आणि त्या पैशातून मोठी काहील घ्यायची. या प्रकाराला तिथं टायकून म्हणतात. गेम जानेवारी २०२५ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला.

आता आकडे. ऑगस्ट २०२५ पर्यंतचे तास ९००. गेममधून आलेले रोबक्स, रोब्लॉक्सचा ३० टक्के वाटा वजा जाऊन, ६३,७००. त्यातले १२,००० जाहिरातीत घातले. ४,७०० एका मुलीला दिले, तिनं गेमचं आयकॉन आणि थंबनेल काढून दिलं, काम चोख. ५,००० एका जोडीदाराला आगाऊ दिले, तो नवीन नकाशा बनवून देणार होता. पैसे घेतल्यावर त्याचं खातंच दिसेनासं झालं. माझ्या लेकानं दोन दिवस जेवताना मान वर केली नाही. उरले ४२,०००.

हे ४२,००० ऑगस्टमध्ये बदलून घेतले. तेव्हा दर होता एका रोबक्सला ०.००३५ डॉलर. म्हणजे १४७ डॉलर. मधली शुल्कं वजा जाऊन बँकेत साडेअकरा हजारांच्या आसपास जमा झाले. भागाकार मीच केला: तासाला तेरा रुपयांच्याही आत. आमच्या शेडमध्ये कांडी भरणाऱ्या बाईलाही याच्या कितीतरी पट पडतात.

फेब्रुवारीत बारावीची परीक्षा आहे. तो म्हणतो, त्यानंतर एक वर्ष मला फक्त हे करू दे. त्याच्या वडिलांचा ठाम नकार आहे. मी मध्ये अडकले आहे. वही बघून नकार द्यावासा वाटतो, आणि रात्री अकरा वाजता तो एकटाच हसत स्क्रीनकडं बघत असतो ते बघून नकार देववत नाही. तुम्ही काय केलं असतं?

---

चिंचगूळ · शनिवार, रात्री १०:४०

ताई, धाग्यासाठी मनापासून धन्यवाद. माझा नऊ वर्षांचा आहे, तो फक्त खेळतो, बनवत नाही. पण भेंडीच्या पाण्यापर्यंत सगळं गेममध्ये घातलंय हे वाचून फार छान वाटलं. सविस्तर उद्या लिहिते.

---

दुसरीपाळी · शनिवार, रात्री ११:०५

पुण्यात एका मोबाइल गेम कंपनीत अकरा वर्षं काम करतोय. ताई, तुमची वही आमच्या कितीतरी नवशिक्या टीमच्या हिशेबापेक्षा स्वच्छ आहे.

तासाला तेरा रुपये ही मजुरी धरू नका. पहिल्या ९०० तासांतले निम्मे तरी शिकण्यात जातात. भाषा शिका, मॉडेल बनवा, सर्व्हर (गेम जिथून चालतो तो मुख्य संगणक) आणि खेळाडूचा फोन यांच्यात काय कुठं चालतं ते समजून घ्या. दुसऱ्या गेमला हे तास लागत नाहीत. पण जगात कोणी पहिल्या गेमवर करोडपती झाला म्हणून आपणही होऊ, असंही धरू नका.

पैशाचा ओघ नीट कळावा म्हणून एका खरेदीचा हिशेब. खेळाडू फोनवरून ९.९९ डॉलर भरतो, त्याला ८०० रोबक्स मिळतात. ते सगळे त्यानं तुमच्या मुलाच्या गेममध्ये खर्च केले तर मुलाला ५६०. ते जुन्या दरानं बदलले तर १.९६ डॉलर. म्हणजे दहातले जेमतेम दोन. सप्टेंबर २०२५ पासून दर ०.००३८ झाला आहे, त्यानं २.१३ होतात. संगणकावर किंवा गिफ्ट कार्डनं घेतलं तर खेळाडूला त्याच पैशात जास्त रोबक्स मिळतात, तेवढाच थोडा फरक.

तुलनेला स्टीम घ्या, म्हणजे संगणकावरच्या गेमचं ऑनलाइन दुकान. तिथं ३० टक्के कापून बाकी तुमचे, पण प्रत्येक गेमला १०० डॉलर आधी भरायचे. गूगल प्लेवर वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरवर १५ टक्के कपात. ऐकायला रोब्लॉक्स फारच महाग. मात्र स्टीमवर किंवा प्लेवर सर्व्हरचं भाडं, अनेकांना एकत्र खेळवण्याची यंत्रणा, खेळाडूंची प्रगती साठवणं, हे तुमचं तुम्ही बघायचं. सतरा वर्षांच्या मुलाला हे एकट्यानं परवडणारं नाही. रोब्लॉक्समध्ये हे सगळं आयतं मिळतं. त्याची किंमत ते जास्त लावतात असं माझं मत आहे, पण फुकट काहीच देत नाहीत असंही नाही.

मला दोन आकडे हवेत. पहिल्यांदा आलेल्या शंभरातले किती दुसऱ्या दिवशी परत येतात? आणि एक खेळाडू सरासरी किती मिनिटं थांबतो? तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं तिथं आहे.

---

निवांत७१ · रविवार, सकाळी ६:५०

मी गिरणीतून निवृत्त झालो, वय ७१. आमच्या कँटीनमध्ये कुपनं चालायची. रुपया देऊन रुपयाचं कुपन घ्यायचं, त्यावर चहा-पाव मिळायचा. पण ते कुपन परत देऊन रुपया मागितला तर कँटीनवाला चार आणे हातावर ठेवणार, असा हा रोबक्सचा व्यवहार मला समजला. बरोबर का?

आणि दुसरं, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारनं कायद्यानं बंदी घातली ना यंदा? मग हा मुलगा अडचणीत तर येणार नाही? काळजीपोटी विचारतोय.

---

दुसरीपाळी · रविवार, सकाळी ९:२०

काका, कुपनाचं उदाहरण बरंचसं नेमकं. फक्त इथं विकत घेतलेलं कुपन परत देता येत नाही, गेममधून कमावलेलंच बदलता येतं. रोब्लॉक्सचा वाटा धरला तर चार आण्यांच्याही किंचित खालीच पडतं.

बंदीबद्दल: ऑगस्ट २०२५ चा कायदा पैसे लावून, जिंकल्यावर पैसे मिळण्याच्या आशेनं खेळायच्या खेळांवर आहे. गुऱ्हाळाच्या गेममध्ये कोणी काही लावत नाही आणि खेळाडू पैसे जिंकतही नाही. तो वस्तू विकत घेतो आणि वापरतो. मुलगा गेम बनवून विकतोय, त्याला त्या बंदीची भीती नाही. फक्त एक पथ्य पाळायला सांगा. पैसे घेऊन 'बंद पेटीत काय निघेल ते नशीब' अशा वस्तू ठेवायच्या नाहीत. रोब्लॉक्सचा नियम आहे की तशा वस्तू ठेवल्या तर कशाची किती शक्यता ते आधी दाखवावं लागतं, आणि काही देशांत त्या मुळातच चालत नाहीत. पण नियम बाजूला ठेवला तरी खेळणारी मुलं दहा-बारा वर्षांची असतात, त्यांना नशिबाची चटक आपण का लावायची?

---

हिशेबनीस · रविवार, सकाळी ११:३०

बंद पेट्या नाहीत, विचारून खात्री केली.

दादा, तुमचे दोन आकडे. मार्चमध्ये सरासरी चार मिनिटं आणि दुसऱ्या दिवशी शंभरातले तीन. आता नऊ मिनिटं आणि सात.

हे कसं झालं ते सांगते, कारण ते मी डोळ्यांनी बघितलं. सुरुवातीला ऊस तयार व्हायला सहा मिनिटं लागायची. मुलगा म्हणायचा, खरा ऊस वर्षभर घेतो, सहा मिनिटं थांबायला काय होतं? मग एका रविवारी त्याच्या मावसबहिणीला, वय अकरा, शेजारी बसवून खेळायला दिलं आणि त्यानं तोंडातून एक शब्द काढायचा नाही असं ठरवलं. तिनं ऊस लावला, दीड मिनिट इकडंतिकडं उड्या मारल्या आणि बंद करून दुसरा गेम उघडला. त्या रात्री त्यानं पहिला ऊस चाळीस सेकंदांत तयार होईल असं केलं. पहिली ढेप तीन मिनिटांच्या आत हातात. दहाव्या ढेपेनंतर वेळ हळूहळू वाढतो.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेतली मुलं गूळ म्हणजे काय ते विचारतात. पण ब्राझीलमधल्या एकानं आपणहून लिहिलं की आमच्याकडंही हे असतं, आम्ही त्याला रापादुरा म्हणतो. मुलानं त्याच दिवशी दुकानात 'रापादुरा' नावाची विटेसारखी ढेप ठेवली. ती सगळ्यात जास्त विकली गेली.

---

खाडीकाठ · रविवार, दुपारी १:१५

हे फारच सुंदर. आणि योगायोग बघा, रोब्लॉक्सचा कोड ज्या लुआऊ भाषेत लिहितात ती ज्या लुआवरून आली ती लुआ मुळात ब्राझीलचीच. रिओ द जानेरोच्या विद्यापीठात १९९३ साली बनली. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र.

मी कॅलिफोर्नियात सॅन मटेओजवळ राहते, रोब्लॉक्सचं मुख्यालय इथंच आहे. थोडा इतिहास देते, कारण पैशाच्या गोष्टी त्यात दडल्या आहेत. डेव्हिड बझुकी आणि एरिक कॅसल या दोघांनी २००४ मध्ये काम सुरू केलं, २००६ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. बझुकींनी त्याआधी शाळांसाठी भौतिकशास्त्राचे प्रयोग करायचं सॉफ्टवेअर बनवलं होतं. मुलं त्यात धडे सोडून गाड्या आदळवणं, इमारती पाडणं असले स्वतःचे प्रयोग करत बसायची. त्यातून ही कल्पना आली. कमावलेले रोबक्स खऱ्या पैशांत बदलायची सोय २०१३ मध्ये आली. मार्च २०२१ मध्ये कंपनी न्यूयॉर्क शेअर बाजारात गेली.

शेअर बाजारात जाताना कंपन्यांना सगळं लिहून द्यावं लागतं, त्यामुळे त्या कागदपत्रांत एक आकडा आहे जो जाहिरातीत कधी दिसत नाही. सप्टेंबर २०२० ला संपलेल्या बारा महिन्यांत ९,६०,००० हून जास्त लोकांनी रोबक्स कमावले. त्यातल्या १०,००० डॉलरच्या वर गेलेल्यांची संख्या होती हजाराच्या थोडी वर, सुमारे १,०५०. एक लाख डॉलर ओलांडणारे अडीचशेच्या आत. म्हणजे दहा हजार डॉलर ओलांडणारा हजारात जेमतेम एक.

त्यानंतर पैसा खूप वाढला. २०२४ मध्ये बनवणाऱ्यांना मिळून ९२.३ कोटी डॉलर दिले गेले. पण उतरंड तशीच आहे, वर मोजके, खाली अफाट गर्दी. ग्रो अ गार्डन नावाचा गेम एका किशोरवयीन मुलानं सुरू केला आणि जून २०२५ मध्ये एका वेळी दोन कोटींच्या वर लोक तो खेळत होते. बातमी त्या गेमची होते. तुमच्या मुलासारखी लाखो मुलं ९०० तास घालून साडेअकरा हजार मिळवतात किंवा काहीच मिळवत नाहीत, त्याची बातमी होत नाही. म्हणून ही वही मला महत्त्वाची वाटते.

---

संत्रानगरी · रविवार, दुपारी ३:०२

काकू, मी नागपूरचा, वीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. चार वर्षं रोब्लॉक्सवर काम करून राहिलो. माझे स्वतःचे दोन्ही गेम चालले नाहीत, तरी महिन्याचा खर्च मी यातूनच काढतो. कसं ते सांगतो, कारण हा रस्ता कोणी सांगत नाही.

मी दुसऱ्यांच्या गेमसाठी कोड लिहितो. याला कमिशन म्हणतात. कोणाला दुकान हवं असतं, कोणाला प्रगती साठवणारा भाग हवा असतो, कोणाचा गेम गर्दीत अडखळतो तर तो नीट करून पाहिजे असतो. गेम चालो न चालो, माझे पैसे ठरलेले. तुमच्या मुलाला आयकॉन काढून देणारी मुलगी तेच करते.

पण तुमच्या ५,००० सारखी पाळी माझ्यावरही आली आहे, फक्त उलट्या बाजूनं. मी काम दिलं, समोरचा फाइल घेऊन गायब. तेव्हापासून अर्धे आधी, अर्धं काम दाखवल्यावर, आणि पूर्ण फाइल शेवटचे पैसे आल्यावरच. काम दाखवायचं ते माझ्या सर्व्हरवर, फाइल न देता. त्यालाही तसंच सांगा, आगाऊ दिलं तरी तुकड्यातुकड्यानं.

'फुकट रोबक्स' देतो म्हणणारी प्रत्येक साइट खोटी, एकही अपवाद नाही. ब्राउझरमधली कुकी, म्हणजे लॉगिनची खूण साठवणारी फाइल, कोणाला पाठवायची नाही, कितीही ओळखीचा असला तरी. ती मिळाली की पासवर्डशिवाय खातं उघडतं.

आणि टूलबॉक्समधले, म्हणजे स्टुडिओत इतरांनी बनवून ठेवलेल्या वस्तूंच्या साठ्यातले, फुकटचे मॉडेल टाकले असतील तर आतला कोड उघडून बघायला सांगा. मी एकदा एक झाड टाकलं होतं. त्या झाडात लपलेली स्क्रिप्ट माझ्या खेळाडूंना दुसऱ्याच्याच दुकानाकडं नेऊन राहिली होती.

एक गोष्ट अजून, नऊ मिनिटांवरून आठवली. महिन्याला पैसे भरणारे प्रीमियम सदस्य गेममध्ये जितका वेळ घालवत त्यावर मिळणारा मोबदला जुलै २०२५ मध्ये बंद झाला. त्याजागी नवीन योजना आली. रोब्लॉक्सवर नेहमी खर्च करणारा खेळाडू दिवसातल्या त्याच्या पहिल्या तीन गेमांपैकी एक म्हणून तुमच्या गेममध्ये आला आणि दहा मिनिटं थांबला, तर तुम्हाला ५ रोबक्स. त्यानं गेममध्ये काही घेतलं नाही तरी. तुमची सरासरी नऊ आहे काकू! एका मिनिटानं किती रोबक्स सुटत असतील.

---

हिशेबनीस · रविवार, दुपारी ३:२०

हे त्याला आत्ता वाचून दाखवलं. खुर्चीतून उठला.

---

चिंचगूळ · रविवार, सायंकाळी ५:४५

कालचं राहिलेलं लिहिते. मी आई म्हणून दुसऱ्या बाजूनं बघते. माझा मुलगा तुमच्या मुलाचा गिऱ्हाईक आहे. रोब्लॉक्सवर मुलांशी अनोळखी मोठी माणसं बोलायला येतात, यावरून अमेरिकेत खटले चालू आहेत. तुर्कस्ताननं ऑगस्ट २०२४ मध्ये तर ते बंदच केलं. चॅट हवं असेल तर चेहऱ्यावरून वय तपासून घ्यायचं, असं कंपनीनं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. उशीर झाला असं मला वाटतं.

ज्यांची मुलं गेम बनवतात त्यांना विनंती. तुमच्या गेममध्ये दहा वर्षांची पोरं येतात. 'आईच्या फोनवरून घे' असं सुचवणारी, संपत आलेल्या वेळेचा लाल आकडा दाखवून घाई करणारी बटणं ठेवू नका. माझ्या मुलानं एका रात्रीत माझ्या कार्डावर २,४०० रुपये घातले ते असल्या एका बटणामुळं. गेम कुठला ते लिहीत नाही.

---

हिशेबनीस · रविवार, रात्री ८:१०

चिंचगूळताई, तुम्ही लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. आमच्या गेममध्ये 'फक्त ३० सेकंद उरले' असा आकडा होता. एका व्हिडिओत बघून मुलानं दिवाळीत घातला होता, त्यानं विक्री वाढलीही होती. आज आम्ही दोघं त्यावर बराच वेळ बोललो. काढला. वहीत तारखेसकट नोंद केली आहे. विक्री उतरेल, उतरू दे.

---

ताळेबंद · रविवार, रात्री ९:००

सीए आहे, त्यामुळं माझा भाग लिहितो.

अल्पवयीन मुलाचं उत्पन्न सहसा आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवलं जातं. पण मुलानं स्वतःच्या कौशल्यानं, बुद्धीनं कमावलेलं उत्पन्न याला अपवाद आहे, १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ६४(१ए) मध्ये तो स्पष्ट आहे. गेम बनवून मिळालेला पैसा त्यात बसतो. तो मुलाचाच धरायचा, आणि विवरणपत्र भरायची वेळ आली तर मुलाच्या पॅनवर पालकानं भरायचं. साडेअकरा हजारांवर कर लागणार नाही, पण कागद जपून ठेवा. बँक परदेशातून आलेल्या पैशाचं कारण विचारते, तेव्हा गडबडीत काहीही लिहू नका. बँकेकडून त्या रकमेचा दाखला मागून घ्या. जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत लागत नाही.

पैसे बदलून घेताना अमेरिकेचा डब्ल्यू-८बेन हा परदेशी माणसांसाठीचा कराचा फॉर्म भरावा लागतो. त्यात नाव, पत्ता आणि पॅन बँकेतल्यासारखंच, अक्षराचाही फरक नको. माझ्याकडं आलेल्या एका मुलाचे पैसे आडनावाच्या एका अक्षरामुळं सात आठवडे अडकले होते.

हिशेबनीसताई, त्या वहीला एक रकाना वाढवा: वीज, इंटरनेट, संगणक. तो धंद्याचा खर्च आहे.

---

पाटीपेन्सिल · रविवार, रात्री ९:४०

म्हापशात शाळेत संगणक शिकवतो. या चर्चेत एक मुद्दा राहिला आहे. रोब्लॉक्स फोनवर खेळता येतो, पण स्टुडिओ विंडोज किंवा मॅकवरच चालतो. माझ्या वर्गातली चाळीसपैकी तीस मुलं रोब्लॉक्स खेळतात, घरी संगणक आहे अशी सात. म्हणजे बाकीची मुलं फक्त गिऱ्हाईक राहणार. हे मला फार सलतं. म्हणून शनिवारी शाळेची लॅब दोन तास उघडी ठेवायला मी मुख्याध्यापकांची परवानगी काढली आहे. जुनी यंत्रं आहेत, स्टुडिओ दम घेत घेत चालतो, पण चालतो.

आणि पालकांनो, 'तीन महिन्यांत गेम डेव्हलपर' असं सांगून २५-३० हजार मागणारे क्लास निघाले आहेत. एका क्लासचं साहित्य माझ्या विद्यार्थ्यानं आणून दाखवलं. रोब्लॉक्सच्या अधिकृत मार्गदर्शिकेतली पानं होती, तीच जी फुकट वाचायला मिळतात. तेवढ्या पैशात एक वापरलेला लॅपटॉप येतो.

---

दुसरीपाळी · रविवार, रात्री १०:३०

ताई, तुमच्या मूळ प्रश्नाकडं येतो.

शंभरातले तीन परत येत होते ते सात झाले, चार मिनिटांची नऊ झाली. हे त्यानं कोणाला न विचारता, मावसबहिणीला शेजारी बसवून, गप्प राहून केलं. आमच्याकडं मुलाखतीला येणाऱ्या पदवीधरांना मी 'गेम आवडला नाही म्हणून कोणी सोडून गेलं तेव्हा तुम्ही काय केलंत' हे विचारतो. बहुतेकांकडं उत्तर नसतं. मुलात हात आहे, हे मी सांगू शकतो.

तरीही पूर्ण वर्ष देऊ नका. परीक्षा मार्चमध्ये संपेल, एप्रिल-मेमध्ये सीईटी, प्रवेशाची गडबड जुलैत. सीईटीनंतरचे सात-आठ आठवडे पूर्ण त्याचे. त्यात एक मोठा गेम नको, तीन छोटे हवेत, प्रत्येक दोन-अडीच आठवड्यांत खुला करायचा. कुठल्यातरी एकात लोक दहा मिनिटांच्या वर थांबतायत असं दिसलं तर कॉलेजला प्रवेश घेऊन तो संध्याकाळी पुढं न्यायचा. आणि संत्रानगरीनं सांगितलेली कमिशनं सोबत, म्हणजे गेम पडला तरी महिना कोरडा जात नाही.

---

खाडीकाठ · रविवार, रात्री ११:५५

दुसरीपाळी यांच्याशी पूर्ण सहमत. अजून एक कारण: सगळी कमाई एकाच कंपनीच्या अंगणात आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये रोब्लॉक्स सलग ७३ तास बंद पडलं होतं, तेव्हा यावरच पोट असलेल्यांची तीन दिवस शून्य कमाई झाली. दर, वाटा, योजना ते ठरवतात. वर्ष पणाला लावू नये.

---

निवांत७१ · सोमवार, सकाळी ६:४०

माझंही तेच मत. पण मुलाला विचारा, त्याला काय वाटलं हे सगळं वाचून.

---

हिशेबनीस · सोमवार, रात्री ९:१५

मुलगा लिहितोय, आईच्या खात्यावरून.

सगळ्यांना नमस्कार. मला वर्ष पाहिजे होतं कारण शाळा-क्लासमधून आल्यावर रात्री फक्त दीड तास मिळतो, आणि त्यातला अर्धा तास काल कुठं थांबलो होतो ते आठवण्यात जातो. पण तीन छोटे गेम हे मला पटलं. गुऱ्हाळावर मी इतका खर्ची पडलो की तो चालत नसताना सोडता येत नव्हता. एक कल्पना आत्ताच आहे, मागाची: ताणा भरायचा, धागा तुटला की गाठ मारायची, चार जणांनी मिळून एक थान वेळेत पूर्ण करायचं. बाबांच्या शेडमध्ये आवाज रेकॉर्ड करून ठेवला आहे. परीक्षेपर्यंत स्टुडिओ उघडणार नाही असं बाबांना सांगितलंय, फक्त रविवारी दोन तास, चुका दुरुस्त करायला. बाबांनी अजून हो म्हटलेलं नाही, पण आवाज रेकॉर्ड करताना मशीन त्यांनीच थांबवून परत सुरू करून दिलं.

संत्रानगरीदादा, गेम एकदा बघाल का?

---

संत्रानगरी · सोमवार, रात्री ११:१०

बघितला. चाळीस मिनिटं खेळलो, काहील उतू जाते तेव्हाचा आवाज जबरदस्त जमला आहे. पण एक मोठी चूक सापडली, उघड लिहितो म्हणजे दुसऱ्यांनाही उपयोग होईल. काकवी विकताना किती रुपये मिळाले ते खेळाडूच्या फोनवर मोजलं जातं आणि सर्व्हर ते जसंच्या तसं मानतो. मी एका डब्याचे नव्वद लाख मागितले, सर्व्हरनं दिले. फोनवरून फक्त 'विकतोय' एवढंच जायला पाहिजे. डबे किती आणि भाव काय ते सर्व्हरनं स्वतः बघायचं. हे कोणाच्या हाती लागलं तर दुकानातलं काहीच विकलं जाणार नाही, कारण सगळे फुकटात श्रीमंत होतील.

---

हिशेबनीस · मंगळवार, रात्री १२:०५

मार्केट यार्डात अडत्यानं शेतकऱ्यालाच वजन विचारून पट्टी फाडायची, तसं झालं हे. मी समजावून सांगायला गेले, तर म्हणाला, कळलं गं आई, काटा माझ्याकडं पाहिजे.

रविवारपर्यंत थांब म्हटलं, पण चूक उघडी टाकून झोप येणार नाही म्हणाला. बसलाय. मी चहा ठेवलाय. आत्ताच विचारून गेला, हे तास वहीत धरायचे का. धर म्हटलं.